कोणाला, कशासाठी आणि किती दिवस?

नेवासे तालुक्यातले शनिशिंगणापूर आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल; ज्यांनी पाहिले नाही त्यांनी ऐकले तरी असेलच. उघड्या चौथऱ्यावर उभी असलेली काळी शिळा, तिच्यावर छप्पर नाही. आणि गावातल्या जुन्या घरांना चौकट आहे, पण दार नाही. कुत्रे-मांजर आत शिरू नये म्हणून कोणी फळी आडवी लावतात, कोणी पडदा सोडतात. कडी-कोयंडा मात्र नाही. गावाचा राखणदार शनिदेव आहे, ही त्यामागची श्रद्धा. २०११ च्या जानेवारीत युको बँकेने तिथे शाखा उघडली, तीही दर्शनी दाराला नेहमीचे कुलूप न लावता. त्या शाखेची बातमी तेव्हा देशभर झाली. गावात पोलीस ठाणे आले ते २०१५ साली.

आता या रीतीकडे जरा बारकाईने पाहा. दार नाही याचा अर्थ कोणीही यावे, कुठेही बसावे आणि काहीही उचलावे, असा नाही. आलेला माणूस ओसरीवर थांबतो. हाक मारतो. घरातले कोणी ‘या’ म्हणाले की मग आत येतो, आणि बोलावले असेल तेवढाच आत येतो. सोयऱ्याला माजघर मोकळे असते, फेरीवाल्याला ओसरी. बँकेनेही दाराला कुलूप लावले नाही म्हणून रोकड काही ओसरीवर मांडून ठेवली नाही. म्हणजे दार नसले तरी परवानगी असतेच. ती लाकडाची नसते, माणसांच्या ओळखीची आणि शनिदेवाच्या धाकाची असते, एवढाच फरक.

हे सारे आज सांगण्याचे कारण असे, की आपल्या सर्वांच्या खिशात आता एक दुसरे घर आले आहे. ते घर म्हणजे मोबाइल फोन. त्यात जमिनीचा सातबारा आहे, आधार कार्डाचा फोटो आहे, बँकेचे निरोप आहेत, लेकीच्या लग्नाची छायाचित्रे आहेत, आणि गुरुजींच्या फोनमध्ये तर साऱ्या वर्गाची माहिती आहे. या घरात रोज नवे नवे पाहुणे येतात. त्यांना आपण ॲप म्हणतो. हे पाहुणे आपल्या ओळखीचे नाहीत. ते कुठल्या गावचे, त्यांचा धनी कोण, हे आपल्याला ठाऊक नाही, आणि शनीच्या साडेसातीची भीती त्यांना असण्याचे कारण नाही. तेव्हा शिंगणापूरची ओळख आणि धाक इथे उपयोगी पडत नाहीत. इथे घरधन्यालाच पाहावे लागते: कोणाला आत घ्यायचे, कशासाठी घ्यायचे, आणि किती दिवसांसाठी.

या तीन प्रश्नांपैकी पहिले दोन आपण कधीमधी विचारतो. तिसरा मात्र विसरतो, आणि घोटाळा बहुधा तिथेच होतो. म्हणून आज त्या तिसऱ्या प्रश्नावर अधिक बोलू.

आधी परवानगी म्हणजे काय ते पाहू. ॲपला फोनमधले काही वापरायचे असेल, म्हणजे कॅमेरा, माइक, आपण कुठे आहोत तो ठावठिकाणा, ओळखीच्या लोकांचे नंबर, आलेले संदेश, फोटो किंवा फाइली, तर त्याला फोनमार्फत आपल्याला विचारावे लागते. पूर्वी तसे नव्हते. अँड्रॉइड फोनमध्ये ॲप घेतानाच एक लांबलचक यादी पुढे येई आणि ‘मान्य’ म्हटले की सारे काही एका फटक्यात देऊन टाकल्यासारखे होई. कोऱ्या कागदावर अंगठा उठवावा तसे. २०१५ साली अँड्रॉइडची सहावी आवृत्ती निघाली, तेव्हापासून ज्या वेळी गरज पडेल त्या वेळी एकेक परवानगी विचारण्याची पद्धत आली. २०१९ च्या दहाव्या आवृत्तीत, ॲप वापरात असेल तेवढ्यापुरताच ठावठिकाणा देण्याची सोय झाली. २०२० च्या अकराव्या आवृत्तीत ‘फक्त या वेळी’ असे एक उत्तर देता येऊ लागले. ते ठावठिकाणा, कॅमेरा आणि माइक यांना लागू आहे.

हे ‘फक्त या वेळी’ मोठे कामाचे आहे. बांधावरून शेजाऱ्याला ‘आज तेवढी गाडी जाऊ दे’ म्हणणे वेगळे, आणि कायमची वाट लिहून देणे वेगळे. शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. वर्षानुवर्षे कोणी बांधावरून गेला की पुढे ती वहिवाट होते, आणि मग ती बंद करायची म्हटले की तहसील कचेरीचे खेटे सुरू होतात! फोनमध्ये तशी वेळ येत नाही, हे आपले नशीब. इथे दिलेली वाट केव्हाही परत घेता येते. पण ती दिलेली आहे हे लक्षात तर राहायला हवे.

मागणी योग्य की अयोग्य हे कसे ओळखावे? सोपी कसोटी आहे: कामाशी मेळ बसतो का ते पाहावे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली राज्यभर ई-पीक पाहणीचे ॲप सुरू केले. शेतकऱ्याने शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद करायची, असे ते काम. त्या ॲपने कॅमेरा मागितला आणि ठावठिकाणा मागितला, तर ते रास्तच आहे. त्याशिवाय पीक कुठल्या गटात उभे आहे हे कळणार कसे? पण फोनला विजेरी करून देणाऱ्या एखाद्या ॲपने तुमच्या सोयऱ्याधायऱ्यांचे नंबर मागितले, तर ‘बाबा रे, उजेड पाडायला माझ्या मेहुण्याचा नंबर कशाला?’ असे विचारायलाच हवे.

आता फाइलींकडे येऊ. कारण शिक्षकांची आणि गावातल्या संस्थांच्या चिटणिसांची खरी अडचण तिथे आहे.

समजा, एका जिल्हा परिषद शाळेतल्या बाईंना केंद्रप्रमुखांनी व्हॉट्सॲपवर विद्यार्थ्यांच्या माहितीचा तक्ता पाठवला. बाईंनी त्यावर बोट टेकवले, तक्त्याचे ॲप उघडले, तासभर बसून नावे भरली आणि फोन बंद केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा व्हॉट्सॲपमधून तोच तक्ता उघडला, तर तो कोरा! नावे गेली कुठे? बाई म्हणतात फोन बिघडला. फोन बिघडलेला नसतो. झालेले असते ते असे: एका ॲपने दुसऱ्या ॲपला फाइल दाखवली, ती वाचण्यापुरती आणि त्या कामापुरती. तलाठी कचेरीत दप्तर उघडून ‘इथेच बसून पाहा’ म्हणतात ना, तसेच. पाहणे संपले, ॲप बंद झाले, की ती परवानगीही संपली. मूळ फाइलीवर लिहिण्याचा अधिकार त्या ॲपला मिळालेलाच नव्हता. मग बाईंनी भरलेली नावे एखाद्या वेगळ्या प्रतीत दुसरीकडे जाऊन बसतात, किंवा जतनच होत नाहीत.

यावर उपाय असा. आलेली फाइल आधी फोनमध्ये एका ठरलेल्या जागी जतन करावी. त्यासाठी ‘शाळा’ किंवा ‘हजेरी’ अशा नावाचा वेगळा फोल्डर करावा. मग तक्त्याचे ॲप उघडावे आणि ॲपच्या आतून ‘फाइल उघडा’ म्हणून ती फाइल निवडावी. अशी निवड करताना फोन स्वतःचे कपाट आपल्यापुढे उघडतो आणि आपण जी फाइल दाखवू तेवढीच त्या ॲपच्या हाती देतो. काही ॲप संपूर्ण फोल्डर मागतात. तेव्हा ‘या ॲपला या फोल्डरमधल्या फाइली वापरू द्यायच्या का?’ असे फोन स्पष्ट विचारतो. ही परवानगी ॲपने नीट नोंदवून ठेवली, तर ती टिकाऊ असते. फोन बंद करून चालू केला तरी ती जात नाही, आणि बाईंना रोज नव्याने फाइल शोधत बसावे लागत नाही.

टिकाऊ म्हटली तरी ती अमरपट्टा घेऊन आलेली नाही. फाइल दुसरीकडे हलवली किंवा पुसली, ॲप काढून पुन्हा बसवले, किंवा ॲपमधली साठवण साफ केली, तर ती तुटते. आणि मग ‘फाइल सापडत नाही’ किंवा ‘परवानगी नाही’ असा निरोप येतो. घाबरू नये. फाइल पुन्हा एकदा दाखवावी, काम सुरू होते. आणखी एक बारकावा ध्यानात ठेवा. अकराव्या आवृत्तीपासून अँड्रॉइड फोन आपली सबंध साठवण किंवा ‘डाउनलोड’चा सबंध फोल्डर अशा रीतीने एका ॲपला देऊ देत नाही. तिथे अडले की फोनला दोष देऊ नये. कामापुरता वेगळा फोल्डर करावा आणि तेवढाच द्यावा. घराची चावी न देता एका कणगीची द्यावी, तसे हे आहे. आणि खरे पाहता तेच शहाणपणाचे.

याउलट काही ॲप थेट ‘सर्व फाइली’ मागतात. ही फार मोठी परवानगी आहे, म्हणून फोनने ती नेहमीच्या यादीत न ठेवता ‘विशेष प्रवेश’ अशा सदराखाली वेगळी ठेवलेली असते. फाइलींची आवराआवर करणाऱ्या किंवा फोनमधल्या साठ्याची दुसरी प्रत करून ठेवणाऱ्या ॲपला ती लागते; त्यांचे कामच ते आहे. पण फोटोला फुलांची चौकट लावून देणाऱ्या ॲपला ती कशाला? फोटोंच्या बाबतीत तर आता आणखी सोय झाली आहे. आयफोनमध्ये २०२० पासून आणि अँड्रॉइडच्या चौदाव्या आवृत्तीत, म्हणजे २०२३ पासून, ‘सगळे फोटो’ न देता निवडक फोटोच देता येतात. दोन फोटोंचे काम असेल तर दोनच द्यावेत. ओसरी दिली म्हणून पाहुण्याने माजघरापर्यंत हातपाय पसरावेत, हे कोणत्या घराला परवडेल?

आतापर्यंत आपल्या फोनच्या आतल्या फाइलींचे बोललो. आता फोनबाहेर ठेवलेल्या, चार जणांत सामायिक केलेल्या फाइलींचे पाहू. इथे एक भेद मनात पक्का धरावा: प्रत देणे निराळे आणि वाट देणे निराळे. व्हॉट्सॲपवर फाइल पाठवली म्हणजे तुम्ही प्रत दिली. ती समोरच्याच्या फोनमध्ये उतरली की तिच्यावर तुमचा ताबा उरला नाही. सुटलेला बाण आणि गेलेली प्रत सारखीच. गूगल ड्राइव्हसारख्या ठिकाणी फाइल ठेवून तिचा दुवा पाठवला, तर तुम्ही वाट दिली. फाइल तुमच्याच कपाटात आहे. लोक त्या वाटेने येऊन ती पाहतात. ही वाट तुम्हाला केव्हाही बंद करता येते. आधीच कोणी उतरवून घेतलेल्या प्रतीला मात्र त्याचा इलाज नाही.

वाट देताना दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, वाट कोणाला? ‘ज्याच्याकडे दुवा आहे तो कोणीही’ असे ठेवले, तर तो दुवा एका गटातून दुसऱ्या गटात जाऊन कुठेही पोचेल. त्यापेक्षा ज्यांचे काम आहे त्यांचीच नावे घालावीत. दुसरी, काय करण्यासाठी? नुसते पाहण्यासाठी, शेरा लिहिण्यासाठी की बदल करण्यासाठी? पन्नास पालकांना तक्ता पाहायचा असेल आणि आपण सगळ्यांना बदलाचा अधिकार देऊन बसलो, तर कोणाच्या हातून कोणाचे नाव पुसले गेले याचा पत्ता लागणे कठीण जाते. आणि शाळेचे काम संपल्यावर, बदली होऊन गेलेल्या सहकाऱ्याचे नाव त्या यादीतून काढायचे राहून जाते. यात त्याच्याविषयी अविश्वास नाही. शाळा सोडताना आपण कपाटाची किल्ली परत देतोच की!

इथे मुलांचा प्रश्न आहे म्हणून थोडे स्पष्ट बोलतो. वर्गाच्या तक्त्यात मुलाचे नाव, जन्मतारीख, आधार क्रमांक, आईबापांचा फोन, कधी जात, कधी आजार, कधी बँकेचे खाते असते. हे त्या मुलाचे आहे. ते आपल्याकडे केवळ विश्वासाने ठेवलेले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. संसदेने २०२३ साली डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून त्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले आहे. संमती देणे जितके सोपे तितकेच ती मागे घेणेही सोपे असले पाहिजे, हे त्या कायद्याचे एक सूत्र आहे. अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत आईवडिलांची संमती हे दुसरे. कायदा कचेऱ्यांना आणि कंपन्यांना बांधील. पण त्यातले तत्त्व घराघरात पाळण्यासारखे आहे.

आणखी एका वाटेकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पुष्कळ ॲप सुरुवातीलाच ‘गूगल खात्याने प्रवेश करा’ असे म्हणतात. त्यांपैकी काही तुमच्या खात्यातल्या फाइली पाहण्याचीही परवानगी घेतात. पुढे ते ॲप तुम्ही फोनमधून काढून टाकता आणि निश्चिंत होता. पण खात्याशी बांधलेली ती गाठ तशीच राहते! फोनमधला पाहुणा गेला, पण दुसऱ्या कपाटाची किल्ली त्याच्याकडे उरली. ती परत घ्यायची तर गूगल खात्याच्या सेटिंगमध्ये सुरक्षेच्या सदरात जाऊन, कोणकोणत्या बाहेरच्या ॲपांशी खाते जोडलेले आहे ती यादी पाहावी आणि नको ती जोडणी तोडावी.

हे सगळे न पाळले तर काय होते, असे कोणी विचारील. झटपट कर्ज देणाऱ्या काही ॲपांनी काय केले ते आठवावे. कर्ज देताना त्यांनी फोनमधले नंबर आणि फोटो उचलले, आणि हप्ता थकला की सोयऱ्यांना फोन करून, फोटो विद्रूप करून धमकावले. अशा तक्रारी देशभर झाल्या. शेवटी रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये बजावले, की कर्जाच्या ॲपांनी फोनमधल्या फाइली, फोटो, नंबरांची यादी आणि कॉलची नोंद यांना हात लावू नये. ओळख पटवण्यापुरता कॅमेरा किंवा ठावठिकाणा लागलाच तर ग्राहकाच्या स्पष्ट संमतीने एकदाच घ्यावा. २०२५ च्या निर्देशांतही ते कायम आहे. तेव्हा कर्जाचे ॲप सोयऱ्यांचे नंबर मागू लागले, की तिथेच त्याची पारख झाली असे समजावे.

आणि खुद्द शिंगणापूरचे पाहा. २०२५ साली देवस्थानाच्या नावाने बनावट ॲप काढून, ऑनलाइन पूजेच्या नावाखाली भाविकांकडून पैसे घेतल्याचे प्रकरण पुढे आले. विधिमंडळात त्यावर चर्चा झाली आणि अहिल्यानगरच्या सायबर पोलिसांकडे गुन्हा नोंदला गेला. ज्या गावात घराला दार लागत नाही, त्या गावाच्या नावावर हे घडले! देवाचे नाव पाहिले की आपला हात आपोआप ‘अनुमती’कडे जातो, आणि लबाडाचा भरवसा त्यावरच असतो. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून किंवा वाहनाच्या दंडाची पावती म्हणून ‘एपीके’ अशी अक्षरे शेवटी असलेली फाइल येते, तिचेही तसेच. ती पत्रिका नव्हे, ते ॲप आहे. ते संदेश वाचण्याची परवानगी मागते, आणि ती मिळाली की बँकेचा गुप्त अंक आपल्याआधी त्याला कळतो. अशी फाइल उघडूच नये. पैसे गेलेच तर लाजेने गप्प न बसता लगेच १९३० या क्रमांकावर फोन करावा. जितका उशीर, तितका पैसा हाताबाहेर.

आता प्रत्यक्ष करायचे काय, ते सांगून आवरते घेतो. फोनच्या सेटिंगमध्ये ‘ॲप्स’ नावाचे सदर असते. कंपनीगणिक शब्द थोडे निराळे असतील, पण शोधल्यास सापडते. तिथे एकेक ॲप उघडून त्याच्या ‘परवानग्या’ पाहाव्यात. जी कामाला लागत नाही ती काढावी. काढल्यामुळे ॲप अडले, तर ते पुन्हा मागेल. तेव्हा विचार करून द्यावी. फाइली किंवा फोल्डर दिलेले असतील, तर ते पुष्कळ फोनांत त्याच ॲपच्या ‘साठवण’ या सदरात दिसते, आणि तिथूनच तो प्रवेश काढता येतो. २०२१ च्या बाराव्या आवृत्तीपासून, गेल्या चोवीस तासांत कोणत्या ॲपने कॅमेरा, माइक किंवा ठावठिकाणा वापरला याचा तक्ताही फोन दाखवतो. काही महिने न वापरलेल्या ॲपच्या परवानग्या नवे फोन आपण होऊन काढतात. पण सालगडी जागा आहे म्हणून घरधन्याने झोपून राहावे असे नाही.

हे रोज करण्याचे कारण नाही. महिन्यातून एकदा पुरे. दिवस लक्षात राहावा म्हणून अमावास्या धरावी; शनीच्या दर्शनाला जाणारे ती विसरत नाहीत. त्या संध्याकाळी दहा मिनिटे काढावीत. शाळेतल्या मोठ्या मुलामुलींना हाताशी घ्यावे. त्यांना ही बटणे आपल्यापेक्षा लवकर सापडतात. घरातल्या आजीच्या फोनचीही पाहणी करावी, कारण तिच्या फोनमध्ये कोणी काय बसवून ठेवले आहे हे तिला ठाऊक नसते. बटण कोणते दाबायचे हे मुले दाखवतील. प्रत्येक ॲपपाशी थांबून, हा कोण, कशासाठी आला आहे, आणि अजून किती दिवस राहणार, हे विचारण्याचे काम मात्र थोरांचे.